घोडी घरी येण्याआधीचे एक वर्ष

आमच्या मुलीने घोडा मागितला तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि नुकतीच सातवीत गेली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी आमची कापूस-तुरीची शेती आहे, दारात बैलजोडी आणि एक म्हैस आहे, आणि मी शेजारच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिच्या मागणीवर घरात जी पहिली चर्चा झाली ती पैशांची झाली. सांभाळण्याचा विषय निघालाच नाही. गोठा होता, कडबा होता, सोयाबीनचे आणि तुरीचे कुटार, म्हणजे भुसा, होते, विहिरीला पाणी होते आणि माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, पन्नास वर्षे बैल राखले होते. "जनावर आपल्याले काही नवं नाही," असे ते म्हणाले आणि आम्हा सर्वांना ते पटले. पुढच्या वर्षभरात मला जे कळले ते मुख्यतः ह्याच वाक्याविषयी आहे. मुलगी नवशिकी आहे हे आम्ही जाणून होतो. तिच्याबरोबर सगळे घरच नवशिके आहे, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

आमच्या गावापासून चार किलोमीटरवर वरातीची घोडी ठेवणारे एक वयस्क गृहस्थ राहतात. सगळी पंचक्रोशी त्यांना चाचा म्हणते. त्यांचे वडील आणि आजोबाही घोडीच ठेवत. घोडा कुठे मिळेल हे विचारायला मी मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी किंमत, जात, रंग यांपैकी कशाचीही गोष्ट केली नाही. "बाई, एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा पोरीले माह्याकडं येऊ द्या. मंग घोड्याचं पाहू," एवढेच ते म्हणाले. आषाढी एकादशी तोंडावर होती. चातुर्मासात लग्ने नसल्याने त्यांची घोडी मैना ठाणावर बांधलेली राहणार होती आणि चाचांनाही शिकवायला वेळ होता.

पहिले तीन महिने, म्हणजे दसऱ्यापर्यंत, मुलगी घोडीवर बसली नाही. शाळा सुटल्यावर सायकलीने जायचे, लीद काढायची, ओली जागा कोरडी करायची, खरारा करायचा आणि चारही खूर साफ करायचे, हेच तिचे काम होते. घोड्याजवळ जाताना खांद्याच्या बाजूने, त्याला आवाज देत जायचे हे तिला पहिल्याच दिवशी सांगितले गेले. कारण घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, मात्र थेट शेपटीमागचे आणि थेट कपाळासमोरचे दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला तो भिऊन लाथ मारू शकतो. खूर उचलून धरायला तिला दोन आठवडे लागले. लोखंडी आकडीने टाचेकडून पुढे माती काढत आणायची, खुराच्या तळाशी जो मऊ त्रिकोणी भाग असतो त्याला इजा होऊ द्यायची नाही, आणि शेवटी खूर नाकाजवळ नेऊन वास घ्यायचा. कुजकट वास आला किंवा काळसर स्राव दिसला तर पावसाळ्याच्या ओलीने खूर कुजू लागला आहे असे समजायचे. माझी मुलगी मांडीवर तो खूर घेऊन, मान वाकवून वास घेते आहे आणि वर बघून "नाही चाचा, आज नाही येत," असे सांगते आहे, हे दृश्य मी भाद्रपदातल्या एका संध्याकाळी पाहिले. मैनाच्या पाठीवर पाऊस भुरभुरत होता. तिचा एक कान मुलीकडे आणि दुसरा रस्त्याकडे वळलेला होता.

ह्याच काळात चाचांनी तिला एक वही घालायला लावली. घोडी किती बादल्या पाणी प्याली, किती वेळा लीद टाकली, लीद कशी होती आणि चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, संपवली की सोडली, एवढ्याच गोष्टी त्यात लिहायच्या. ती नसेल त्या वेळेचे चाचा तोंडी सांगत आणि ती लिहून घेई. मैना साधारण ३० लिटर पाणी प्यायची आणि दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा लीद टाकायची. मी शिक्षिका असूनही ह्या नोंदींचे महत्त्व मला त्या वेळी कळले नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. मला ती केवळ शिस्त लावण्याची युक्ती वाटली.

गणिताचा एक धडा मात्र मीच दिला. घोड्याचे वजन काट्याविना काढता येते. छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि ११,८८० ने भागायचे. मैनाचा घेर १५५ आणि लांबी १५० भरली, म्हणजे वजन सुमारे ३०३ किलो. घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास कोरडा आहार लागतो, म्हणजे तिला सहा किलो. आणि खोगिरासह स्वाराचे वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक असू नये, म्हणजे साठ किलोच्या आत. मुलीचे वजन ३४ किलो होते. वरातीत मैनावर बसणारे नवरदेव किती किलोचे असतात, हा प्रश्न तिने त्याच दिवशी चाचांना विचारला आणि चाचांनी तो टाळला नाही. वजनदार नवरदेव असला तर आपण मैनाला मंडपापासून जवळच्या चौकातूनच काढतो, असे त्यांनी सांगितले.

दसऱ्यानंतर स्वारी सुरू झाली. लांब दोरीवर गोलात फिरणारी घोडी, रिकिबीविना मोकळे सोडलेले पाय आणि दुडकी चाल असा तो क्रम महिनाभर चालला. ती दोनदा पडली. दुसऱ्या वेळी मनगट सुजले. मोटारसायकलचे जड हेल्मेट घालण्यापेक्षा घोडेस्वारीचे खास हलके हेल्मेट आणावे, असा मी आग्रह धरला आणि ते नागपूरहून मागवले. स्वारीबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही, कारण ती लवकर शिकली. पोरांना स्वारी लवकर येते, आणि त्यामुळेच मोठ्यांची फसगत होते.

आम्हीही फसण्याच्या बेतात होतो. मार्गशीर्षाच्या शेवटी नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा मोठा बाजार तिथे लागतो. मुलीचे वडील, चाचा, मुलगी आणि मी असे चौघे गेलो. तिथे तिला एक शिंगरू म्हणावे असा तरुण घोडा आवडला. तांबूस रंग, बारीक पाय आणि मारवाडी घोड्याचे असतात तसे आत वळून टोकाला टोक भिडणारे कान. विक्रेता त्याला पाच वर्षांचा सांगत होता. चाचांनी ओठ उचलून दात पाहिले. घोड्याचे पुढचे दुधाचे दात जोडीजोडीने पडतात. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास, तिच्या शेजारची साडेतीनच्या आणि कडेची साडेचारच्या सुमारास बदलते, आणि पाचव्या वर्षी तोंड भरते. ह्या घोड्याची केवळ मधली जोडी बदललेली होती. म्हणजे तो तिसऱ्या-चौथ्या वर्षातला, पाठ पुरती न भरलेला आणि माणसाला अजून न सरावलेला होता.

माझे यजमान त्या वेळी म्हणाले की लहान आहे तेच बरे, पोरीबरोबर वाढेल. आम्ही गोऱ्हा घेऊन त्याचा बैल करतो, तेव्हा हाच हिशोब करतो. चाचा शांतपणे म्हणाले, "दोघंही शिकाऊ. कोन कोनाले शिकवन?" नवशिक्या मुलाला शिकलेले, वय झालेले, बँड आणि फटाके पचवलेले जनावरच हवे, घोडा बारा-पंधरा वर्षांचा असला तरी त्यात काही उणे नाही, कारण नीट राखलेला घोडा पंचवीस वर्षे सहज जगतो. ग्लँडर्स ह्या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासल्याचा कागद मागितला तेव्हा विक्रेत्याने विषय बदलला. हा रोग माणसालाही होतो आणि कायद्याने बाधित घोड्याला मारून टाकावे लागते. आम्ही तिथून निघालो. परतीच्या एस.टी.त मुलगी खिडकीकडे तोंड करून रडत होती आणि मला तिची समजूत घालता आली नाही.

तिचे ते रडणे पाहूनच बहुधा, पौषात लग्ने नसतात म्हणून चाचांनी मैनाला पंधरा दिवस आमच्याकडे ठेवायला दिले. तिच्यासोबत चंदीचे मोजलेले पोते आणि कडब्याची कुट्टी देत होते; आम्ही ती घेतली नाही. आपल्या घरी चाऱ्याला काय तोटा, असे वाटले. ह्या एका गोष्टीचा मला आजही पश्चात्ताप होतो.

मैनाला आम्ही गोठ्यात बैलांच्या शेजारी बांधले. तिला तेच कुटार पडू लागले जे बैलांना पडत होते, आणि पाहुणी आली म्हणून मामाजी मायेने रोज रात्री भिजवलेला हरभरा पायलीने पुढे ठेवू लागले. बैल रवंथ करतो, त्याच्या पोटाला चार कप्पे असतात आणि भरड चारा तो दोनदा चावतो. घोड्याचे पोट त्या मानाने फार लहान असते. त्याला थोडे थोडे आणि वारंवार खायला लागते, चारा अचानक बदललेला सोसत नाही, आणि खाल्लेले उलटून काढण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. हे सर्व मी आज लिहू शकते. त्या आठवड्यात घरातल्या कोणालाही ते माहीत नव्हते. थंडी कडक होती आणि हौदाचे गार पाणी मैना तोंड लावून सोडून देत होती.

पाचव्या दिवशी, संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी, मुलगी वही घेऊन स्वयंपाकघरात आली. मी तिळाचा पाक पाहत होते. "आई, सकाळपासून दोनदाच लीद टाकली आणि पाणी एक बादलीसुद्धा नाही," ती म्हणाली. मी तिला सांगितले की थंडीत जनावर कमी पाणी पिते. ती गेली आणि अर्ध्या तासाने पुन्हा आली. मैना मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघते आहे, पुढच्या पायाने जमीन उकरते आहे आणि वरचा ओठ मुडपते आहे, असे तिने सांगितले. आम्ही सगळे गोठ्यात गेलो तेव्हा घोडी बसली होती आणि लोळू पाहत होती.

मामाजींनी आडोशाला ठेवलेली बांबूची नळी काढली. बैलाचे पोट फुगले की त्याची मान वर धरून ह्याच नळीने तेल पाजतात आणि तसे त्यांनी शेकडो वेळा केले आहे. मुलगी घोडीच्या तोंडापुढे उभी राहिली. आजोबांना ती कधी उलटून बोललेली नव्हती. "आजोबा, नाही. तेल छातीत जाईल. चाचा म्हणाले होते, घोडीला तोंडाने काहीच पाजायचं नाही," असे ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि ती जागची हलली नाही. मामाजींनी नळी खाली ठेवली. त्या क्षणाचे श्रेय मी दोघांनाही देते, कारण पन्नास वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने बारा वर्षांच्या पोरीचे ऐकणे ही लहान गोष्ट नव्हे.

तिने जबड्याखालची नाडी धरली आणि माझ्या घड्याळावर मिनिट मोजले. छप्पन ठोके भरले. शांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. हिरड्या दाबून रंग पाहिला, कुशीला कान लावून आतडी वाजतात का ते ऐकले. एका बाजूला काहीच ऐकू येत नाही, असे ती म्हणाली. पशुवैद्यकांना फोनवर तिने हेच क्रमाने सांगितले. ते रात्री साडेदहाला पोहोचले. वेदना कमी करणारे इंजेक्शन देऊन त्यांनी नाकातून पोटापर्यंत नळी घातली आणि तिच्यातून लिक्विड पॅराफिन व पाणी सोडले. आतड्यात भरड चारा घट्ट बसला होता. रात्रभर आम्ही पाळीपाळीने घोडीवर लक्ष ठेवले आणि थोडे थोडे फिरवले. पहाटे चारच्या सुमारास तिने लीद टाकली. मुलीने कंदिलाच्या उजेडात वहीत वेळ लिहिली. सकाळी चाचा आले. ते कोणावरही रागावले नाहीत, परंतु घोडीला मात्र घेऊन गेले.

जाण्याआधी पशुवैद्यकांनी गोठ्याविषयी दोन गोष्टी सांगितल्या, त्याही लिहून ठेवते. चावऱ्या माश्यांमधून सर्रा नावाचा रोग पसरतो. म्हशी-बैलांच्या रक्तात तो लक्षणे न दाखवता राहू शकतो आणि घोड्याला झाला तर त्याच्या जिवावर बेततो, म्हणून घोडी बैलांच्या रांगेत बांधू नये. दुसरी गोष्ट पशुखाद्याची. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध असते, आणि ते थोड्या प्रमाणातही घोड्याच्या हृदयाला घातक ठरते. तेव्हा बैलाचे पोते घोड्यापुढे कधीच मोकळे करायचे नाही. जी गोष्ट आम्ही आमची जमेची बाजू समजत होतो, ती अशी एकेक करून दुसऱ्या रकान्यात गेली.

त्या रात्रीनंतर मुलगी तयार आहे असे मला वाटू लागले होते. तसे ठरवून टाकण्याआधी फाल्गुन आला. तिची परीक्षा होती, पाठोपाठ मावशीकडचे लग्न होते, आणि ती तीन आठवडे चाचांकडे गेली नाही. नंतरही दोन दिवस कारण काढून घरीच राहिली. मी तिला बोलले नाही. मुलाचे मन एखाद्या गोष्टीवरून काही काळ उडणे हा दोष नव्हे. त्या वयात ते उडायलाच हवे. माझ्यापुढचा प्रश्न वेगळा होता. त्या तीन आठवड्यांत मैनाचे खूर कोणी साफ केले? चाचांनी. घोडा आमच्या दारात असता तर ते मला किंवा तिच्या वडिलांना करावे लागले असते, आणि आम्हा दोघांना खूर धरताही येत नव्हते. मूल तयार आहे का, असे विचारताना मूल नसेल त्या दिवशी घरात दुसरे कोण तयार आहे, हे विचारल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही, अशा निष्कर्षाला मी त्या फाल्गुनात आले. म्हणून चैत्रापासून रविवारी मीही तिच्यासोबत जाऊ लागले. बेचाळिसाव्या वर्षी मी खरारा करायला शिकले.

उन्हाळ्याने उरलेली परीक्षा घेतली. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर होता. विहिरीचे पाणी तळाला गेले, आणि लग्नसराईत रात्री उशिरा परतलेल्या मैनाला पहाटे पाणी, मीठ आणि सावली लागे. मुलगी साडेपाचला निघत असे. एके दिवशी शेपटीखाली खरारा करताना तिच्या बोटाला हरभऱ्याएवढी एक गाठ लागली. मैनासारखे पांढरे दिसणारे घोडे बहुधा गडद रंगाचे जन्मतात आणि वयाप्रमाणे पांढरे होत जातात. अशा घोड्यांना उतारवयात तिथे काळ्या गाठी येणे नेहमीचेच आहे. पशुवैद्यकांनी गाठ वाढते का यावर नजर ठेवायला सांगितले. चाचांच्या हाताला ती आधी लागली नव्हती. चाचांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. बोलले काही नाहीत.

आषाढात आम्ही घरी बसून ठरवले. घोडा विकत घ्यायचा नाही, निदान ह्या वर्षी नाही. मैनाची मालकी चाचांचीच राहील. चातुर्मासात आणि पौषात, म्हणजे तिला काम नसते तेव्हा, ती आमच्याकडे राहील, चारापाणी आणि नालबंद आमचा, धनुर्वाताची लस आणि रक्ततपासणी निम्मी-निम्मी. खूर महिन्याला जवळपास सेंटीमीटरभर वाढतो, त्यामुळे नालबंद दर सहा-आठ आठवड्यांनी लागतोच, आणि तो तालुक्याहून यायचे मान्य झाल्यावरच आम्ही हो म्हटले. मुलीला हा निर्णय पूर्ण आवडला नाही. तिला स्वतःचा घोडा हवा होता आणि अजूनही हवा आहे. तिने तसे स्पष्ट सांगितले आणि मी ते ऐकून घेतले. दोन वर्षांनी तिची दहावी आहे. त्यानंतर हा प्रश्न पुन्हा मांडायचा, असे आम्ही दोघींनी तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे.

गोठ्यापासून वीस पावलांवर, चिंचेच्या पलीकडे, यजमानांनी मुरूम टाकून उंच जागा केली, वर टिनाचे छप्पर घातले आणि बाजूला कुंपण घालून मोकळी जागा ठेवली. एकटी घोडी बिथरते म्हणून शेजारी शेळी बांधायचे ठरले. आषाढी एकादशीच्या तिसऱ्या दिवशी, उघडीप पाहून, मुलगी मैनाला चार किलोमीटर चालवत घेऊन आली. ह्या वेळी चंदीचे पोते सोबत आले. संध्याकाळी मामाजी तिच्या ठाणापाशी उभे होते, हातात हरभऱ्याचे टोपले होते. त्यांनी ते पुढे केले नाही. नातीला हाक मारून त्यांनी विचारले, "आज किती खेप लीद टाकली हिनं?"

तिने वही उघडून पाहिली. "चार झाल्या, आजोबा. अजून रात्र आहे."